ओल्या कुंडीतली तहान

ऋचाने पुन्हा एकदा बोट मातीत खुपसलं. माती ओली होती. नुसती ओली नाही, चांगली गच्च ओली. आणि वर पाहावं तर अख्खी मधुमालती माना टाकून ग्रिलवर लोंबत होती.

"मर गई क्या?" यशने विचारलं.

"वाट्टेल ते बोलू नकोस."

"मैं तो बस पूछ रहा हूँ यार. कल तक तो ठीक थी."

तेच तर कोडं होतं. काल सकाळी ऋचाने पाणी घातलं तेव्हा वेल अगदी ठणठणीत होती. त्यानंतर सगळं घर जानकीपुरमला आत्याकडे गेलं. संध्याकाळी परत आले ते उन्हाने इतके शिणून की वेलीकडे न बघताच सगळे जिना चढून वर गेले. आणि आज सकाळी हे असं.

यश हा ऋचाचा धाकटा भाऊ. त्याचा जन्म लखनौचा. मराठीतलं सगळं त्याला कळायचं, ओरडा तर फारच छान कळायचा, पण उत्तर यायचं ते हिंदीत. आई-बाबांनी सुरुवातीला त्याच्या मागे लागून पाहिलं आणि मग सोडून दिलं. तसं पाहिलं तर त्या जूनमध्ये घरातले सगळेच सगळं सोडून दिल्यासारखे वागत होते. साताऱ्याला जायचं रिझर्व्हेशन मिळालं नव्हतं. दुपारी वीज जायची. बाबा बँकेतून आले की पंख्याखाली डोळे मिटून पडायचे. पोरांना तर सुट्टीचाही कंटाळा आला होता.

त्या कंटाळ्यात एकच मानाचं काम ऋचाच्या वाट्याला आलं होतं. तळमजल्यावरच्या गीताकाकूंची मधुमालती सांभाळायची.

गीताकाकू आणि शशिकांतकाका हे मूळचे नागपूरचे. काका हवाई दलात होते. हवाई दलातल्या माणसांच्या दर दोन-तीन वर्षांनी बदल्या व्हायच्या, त्यामुळे काकूंनी आयुष्यात कधी जमिनीत काही लावलं नाही. जे लावायचं ते कुंडीत, म्हणजे ट्रकमध्ये चढवता येतं. जोधपूरच्या क्वार्टरमध्ये शेजारणीने दिलेली ही फांदी तेजपूरला गेली, अंबाल्याला गेली आणि शेवटी लखनौला, अलीगंजातल्या या इमारतीच्या फाटकाशी येऊन ग्रिलवर चढली. संध्याकाळी पांढरी फुलं उमलायची, दोन दिवसांत ती लालभडक व्हायची. फाटकातून येणारा-जाणारा क्षणभर तरी थबकायचा.

आता काका-काकू कायमचे नागपूरला निघाले होते. तिथलं घर बघायला ते चार दिवस गेले होते आणि जाताना काकूंनी ऋचाला सांगितलं होतं, "बाकी सगळं विकलं तरी चालेल मला. हिला मात्र नेणार आहे."

आणि काकू उद्या परत येणार होत्या.

"अद्वैतला हाक मार," ऋचा म्हणाली.

अद्वैत वरच्या मजल्यावर राहायचा. ऋचाच्याच वर्गात होता. त्याला वाचायला आवडायचं आणि ऊन अजिबात आवडायचं नाही. डोक्यावर ओला नॅपकिन टाकून तो खाली आला, वेलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "उन्हाने असेल. दुपारी झाडं अशीच माना टाकतात."

"दुपार कुठाय? आत्ता सकाळ आहे."

"मग उन्हाने नाही," अद्वैत म्हणाला. "उन्हाने कोमेजलेलं झाड सकाळपर्यंत सावरतं. हे दुसरंच काहीतरी आहे."

"मोठा शोध लावलास."

"मी आत्ता तर आलोय खाली. जरा वेळ दे ना."

यशने खोडावर नखाने किंचित खरवडलं. आत हिरवं होतं. म्हणजे खोड जिवंत होतं. कुठे कापल्याची, कुरतडल्याची खूण नव्हती. फक्त कुंडीच्या काठावरून मुंग्यांची एक जाड रांग आत शिरत होती.

"ये लोग बारात लेकर आए हैं," यश म्हणाला.

शेजारचे त्रिपाठी अंकल स्कूटर बाहेर काढत होते. त्यांनी लांबूनच निदान केलं. "चींटियाँ जड़ खा गई हैं, बिटिया. दवा डाल दीजिए." आणि स्कूटरला किक मारून ते गेलेसुद्धा. मुंग्या मुळं खातात की नाही हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, पण ऋचाला ते पटलं नाही. एका रात्रीत एवढी मोठी वेल खायला मुंग्या तरी किती लागतील?

काकू दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. ऋचा फाटकातच उभी होती. काय बोलायचं ते तिने रात्री अंथरुणात पाठ केलं होतं, पण काकूंना रिक्षातून उतरताना बघून ते सगळं ती विसरून गेली. काकूंनी आधी काकांना हात धरून उतरवलं. मग पिशव्या. मग त्यांची नजर ग्रिलकडे गेली.

त्यांनी मातीला हात लावला.

"पाणी फार झालं ग," त्या म्हणाल्या.

"काकू, मी रोज एकच तांब्या घालत होते. खरंच."

"असू दे."

"खरंच, काकू."

"असू दे म्हटलं ना. मी कुठे रागावतेय?" काकू पायरीवर टेकल्या. प्रवासाने त्यांचा चेहरा काळवंडला होता. "मला आता उचलाउचल नको झाली आहे. पुढच्या शनिवारी ट्रक येतोय. जिवंत असती तर नेली असती. मेलेलं ओझं नागपूरपर्यंत कशाला न्यायचं?"

त्या रागावल्या असत्या तर ऋचाला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. ऋचा वर आली, खोलीत गेली आणि उशीत तोंड खुपसून रडली. यश दारात उभा राहून बघत होता. मग तो म्हणाला, "दीदी, मुझे पता है तूने एक ही लोटा डाला था. मैंने देखा है."

"तुझं कोण ऐकणार?"

"कोई नहीं," यशने मान्य केलं. "पर देखा तो है."

बाबांनीही जेवताना तोच निकाल दिला. "माती ओली आणि झाड सुकलेलं म्हणजे मुळं कुजली. सरळ आहे. लहान मुलांना वाटतं, जितकं पाणी तितकं प्रेम."

"मुळं कुजलीयत हे तुम्ही पाहिलंत?" ऋचाने विचारलं.

"पाहायला कशाला हवं?"

ऋचाने आईकडे पाहिलं. आईने तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि डोळ्यांनीच सांगितलं, आत्ता नको.

पण हाच प्रश्न धरून दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं कुंडीपाशी बसली. बघायला हवं, असं त्यांनी ठरवलं. ऋचाने जुन्या चमच्याने कुंडीच्या कडेची माती हळूच बाजूला केली. आत मुळं होती, पांढरट आणि टणक.

"कुजलेली काळी असतात," अद्वैत म्हणाला. "धरली की हाताला लगदा लागतो. ही तशी नाहीत. म्हणजे तुझे बाबा चुकले."

"हे तू त्यांना सांगणारेस का?"

"मी कशाला सांगू? माझे बाबा आहेत का ते?"

यशने कुंडीखालच्या भोकात काडी घालून पाहिली. भोकही मोकळं होतं. मग अद्वैतने कात्री मागितली आणि लोंबणारी एक कोवळी फांदी तिरकी कापून काचेच्या पेल्यात, साध्या पाण्यात ठेवली. पेला त्याने जिन्याखालच्या सावलीत नेऊन ठेवला.

"इससे क्या होगा?" यशने विचारलं.

"फांदीच आजारी असेल तर ती पाण्यातही अशीच राहील. सावरली तर रोग कुंडीत आहे."

संध्याकाळी तिघं जिन्याखाली वाकली. फांदी ताठ उभी होती. पानं तर अशी पसरली होती, की हीच का ती, असं वाटावं.

"म्हणजे तिला काही झालेलं नाहीये," ऋचा सावकाश म्हणाली. "तिला फक्त तहान लागली आहे."

"पानी में तो खड़ी है वो."

"हो. पाण्यात उभी आहे आणि तिला ते पिता येत नाहीये."

का पिता येत नाहीये, हे मात्र कोणालाच सुचेना. माती गेले तीन दिवस पाणी न घालताही जवळजवळ तशीच ओली होती. ऋचाने चिमूटभर माती नाकाशी नेली. आंबूस वास आला, उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या इडलीच्या पिठासारखा. आणि बोटं धुवेपर्यंत चिकटत राहिली.

उत्तर सापडलं ते स्वयंपाकघरात, आणि तेही ऋचा काही शोधत नसताना. रविवारी आईने साखरांबा करायला घेतला होता. लखनौच्या कैऱ्या, पण कृती साताऱ्याची. आई ओट्याला टेकून उभी होती, पदराने मान पुसत होती.

"ऋचा, तो कीस कोरडा होता ना ग मघाशी?" आईने विचारलं.

ऋचाने पातेल्यात पाहिलं. किसलेल्या कैरीत तिनेच साखर मिसळली होती. आता पातेल्याच्या तळाशी पाणीच पाणी झालं होतं आणि कीस मऊ पडून आक्रसला होता.

"पाणी कुणी घातलं?"

"कुणी कशाला घालेल? साखर घातली की सुटतं. साखर ओढून घेते सगळं," आई म्हणाली. "आता ढवळ जरा. माझा हात दुखून आला."

ऋचा ढवळू लागली. एकदा ढवळलं, दोनदा ढवळलं आणि तिचा हात थांबला. साखर पाणी ओढून घेते. चिकट माती. आंबूस वास. मुंग्यांची वरात. आणि मंगळवार.

"आई, गेला मंगळवार बडा मंगल होता ना?"

"पहिलाच. का ग?"

ऋचा पळी पातेल्यातच सोडून जिना उतरली होती.

जेठातल्या, म्हणजे ज्येष्ठातल्या, दर मंगळवारी बडा मंगल असतो आणि लखनौत मारुतीच्या नावाने जागोजागी भंडारे लागतात. पुरी-भाजी, बुंदी आणि सरबत. कोणीही यावं, पोटभर खावं-प्यावं. अलीगंजात तर पावलोपावली मंडप असतात. यांच्या इमारतीचा भंडारा त्रिपाठी अंकल घालायचे आणि सरबताचा ड्रम ठेवायचे तो बरोबर फाटकाशी, मधुमालतीच्या सावलीत. नेमकी त्याच दिवशी ऋचा जानकीपुरमला होती.

"सिद्ध करायला लागेल," सगळं ऐकून अद्वैत म्हणाला. "नुसतं वाटून उपयोग नाही."

त्यांनी कुंडीत थोडंसं पाणी घातलं. खालून जे झिरपलं ते वाटीत धरलं. पायरीच्या एका टोकाला त्या पाण्याचे थेंब टाकले, दुसऱ्या टोकाला नळाच्या पाण्याचे, आणि तिघं भिंतीला टेकून बसली. गरम वारा सुटला होता. यशला बसल्या बसल्या डुलकी लागली. तो जागा झाला तेव्हा कुंडीच्या पाण्याच्या थेंबांभोवती मुंग्यांनी काळं कडं केलं होतं. नळाच्या पाण्याकडे एकही फिरकली नव्हती.

"मग मुंग्या रोग घेऊन आल्या नाहीत," ऋचा म्हणाली. "रोग होता म्हणून त्या आल्या."

"इलाज क्या है?" यशने डोळे चोळत विचारलं.

इलाज समोरच होता आणि तोच सगळ्यांत अवघड होता. साखर धुऊन काढायची. म्हणजे ओल्या कुंडीत बादल्यांवर बादल्या ओतायच्या. ज्या मुलीवर पाणी जास्त घातल्याचा ठपका आहे, तिनेच. आणि निदान चुकलं असेल, तर या वेळी वेल खरोखर ऋचाच्याच हातून मरणार होती.

"तू ठरव," अद्वैत म्हणाला. "काकूंनी तुझ्यावर सोपवली होती."

ऋचाने एक लोंबतं पान बोटाने उचलून पाहिलं आणि सोडून दिलं. मग म्हणाली, "बादली आण."

दुपारी मोठी माणसं कूलरसमोर झोपली, की त्या इमारतीत ढोल वाजवला तरी कोणी उठत नसे, कारण कूलरच ढोलासारखे वाजायचे. तिघांनी आळीपाळीने बादल्या आणल्या. पाणी सावकाश घालायचं, खालून वाहू द्यायचं, थांबायचं, पुन्हा घालायचं. आधी गढूळ, फेसाळ पाणी आलं. मग फेस कमी झाला. मग पाणी जवळजवळ स्वच्छ यायला लागलं. हात भरून आले होते, चपला चिखलाने माखल्या होत्या. शेवटी ऋचाने कात्रीने वेलीची वाळकी टोकं कापली, म्हणजे मुळांना कमी पानांना पाणी पुरवावं लागेल, आणि ग्रिलवर आईची जुनी ओढणी बांधून सावली केली.

शेवटची बादली रिकामी होत होती आणि वीज गेली. कूलर बंद पडले. त्या शांततेत बादलीचा आवाज थेट वरपर्यंत गेला. बाबा गॅलरीत आले.

"ऋचा. अजून पाणी?"

तिने सगळं सांगितलं. साखर, मुंग्या, साखरांबा, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं, पण घामाने आणि अर्धवट झोपेने त्यांचं डोकं जड झालं होतं.

"कुंडीत सरबत कोण ओतेल, बाळा? भंडाऱ्याला माणसं पुण्य करायला येतात, वेली मारायला नाही. चुकलं तर चुकलं म्हणावं. त्यात काही कमीपणा नाही."

आवाज ऐकून काकूही दारात आल्या होत्या. "राजेशभाऊ, ओरडू नका तिला," त्या म्हणाल्या. "गेलेलीच आहे ती. खेळू दे पोरांना."

खेळू दे हे शब्द ऋचाला फार लागले.

सोमवारी सकाळी ती एकटीच खाली आली. ओढणी बाजूला करून पाहिलं. खालच्या दोन फांद्यांची टोकं वर उचलली होती. थोडीशीच, पण उचलली होती. तिने कोणालाही सांगितलं नाही. फक्त यशला उठवून आणून दाखवलं, आणि यश म्हणाला, "देखा?", जणू सगळं त्यानेच केलं होतं.

पण उद्या पुन्हा मंगळवार होता. दुसरा बडा मंगल. पुन्हा तोच ड्रम, तीच जागा. वेलीच्या फांद्या ग्रिलमध्ये इतक्या गुंतल्या होत्या, की कुंडी हलवणं शक्य नव्हतं.

"कुंडी झाकून टाकू," अद्वैत म्हणाला. "प्रश्न मिटला."

"वेलीचा मिटेल. माझा नाही," ऋचा म्हणाली. "कोण ओततं ते सगळ्यांना दिसायला हवं."

तेव्हा युक्ती निघाली ती यशच्या डोक्यातून. त्याने घरातलं जाड प्लास्टिक आणलं. ते मातीवर खोलगट पसरून कुंडीच्या काठाला सुतळीने आतल्या बाजूने बांधलं. वर वाळकी पानं आणि चिमूटभर माती भुरभुरवली. बघणाऱ्याला कुंडी नेहमीसारखीच दिसत होती. ओतलेलं मात्र सगळं वर साचणार होतं.

मंगळवारी फाटकाशी मंडप लागला. पुऱ्या फुगू लागल्या, लाउडस्पीकरवर भजनं सुरू झाली, आणि त्रिपाठी अंकल पिवळा गमछा गळ्यात टाकून गुलाबी सरबताचे मोठाले पेले भरभरून वाटू लागले. तिघं जिन्याच्या जाळीमागे बसली.

फार वाट पाहावी लागली नाही. एक चष्मेवाल्या बाई आल्या. सरबत अर्धं प्यायल्या, पोटात जागा उरली नाही. पेला हातात धरून त्या इकडेतिकडे बघत राहिल्या. शेजारी गटार होतं, पण तिथे त्या गेल्या नाहीत. मधुमालतीपाशी आल्या, उरलेलं सरबत कुंडीत ओतलं, हात जोडले आणि निघून गेल्या.

"नमस्कार केला तिने," अद्वैत कुजबुजला. त्याला धक्काच बसला होता.

मग बँकेतले एक काका आले. मग दोन शाळकरी पोरं, त्यांना त्यांच्या आईने तसं करायला लावलं. मग खुद्द बाबा. होय, ऋचाचे बाबा. त्यांनी दोन घोट घेतले, इकडेतिकडे पाहिलं, पेला कुंडीत हलकेच रिकामा केला आणि उजवा हात छातीला लावला.

यशने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. हसू त्याच्या नाकातून बाहेर आलं.

ऋचाला हसू आलं नाही. ती बघत होती आणि तिला हळूहळू समजत होतं. यांतलं कोणीच वाईट नव्हतं. हा प्रसाद होता. प्रसाद गटारात टाकायचा नाही, पायदळी येईल. झाडाच्या मुळाशी घालावा, म्हणजे सत्कारणी लागतो. तीर्थाचं पाणी, देवाची फुलं आपणही अशीच झाडात घालतो. प्रत्येकाने एकच पेला ओतला होता, आणि तोही भक्तीने.

तेवढ्यात गीताकाकू दारातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात पेला होता, जवळजवळ भरलेला. काकांना मधुमेह होता. प्रसादाला नाही म्हणायचं नाही म्हणून त्यांनी ओठाला लावण्यापुरतं घेतलं असणार. काकू दमल्या पायांनी मंडपाच्या कडेने चालत आल्या आणि कुंडीपाशी थांबल्या. त्यांनी वेलीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि पेला पुढे केला.

"काकू, थांबा."

ऋचा जिन्यातून धावत बाहेर आली होती. मंडपातली माणसं वळून बघायला लागली. बाबा पुरीचा घास हातात धरून उभे राहिले.

"अग, प्रसाद आहे," काकू म्हणाल्या. "काकांना चालत नाही. म्हणून म्हटलं, हिच्या मुळाशी..."

"तिलाही चालत नाही, काकू," ऋचा म्हणाली. "काकांना साखर चालत नाही ना? तशी तिलाही नाही चालत. मातीत साखर गेली, की मुळांना पाणी घेता येत नाही. उलट मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. ती इतके दिवस पाण्यात उभी राहून तहानेने मरत होती."

तिने वाळकी पानं बाजूला केली. प्लास्टिकच्या खोलगट भागात गुलाबी सरबत काठोकाठ साचलं होतं. त्यात मुंग्या तरंगत होत्या.

भजन चालूच होतं.

"हमने तो बस एक गिलास डाला था," बँकेतले काका म्हणाले.

"मीही एकच," बाबा म्हणाले, आणि हे आपण मोठ्याने बोललो हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं.

त्रिपाठी अंकलनी गमछ्याने कपाळ पुसलं. "बिटिया, पिछले मंगल को ड्रम में जो बचा था, वो तो हमने ही डाला था. पूरी बाल्टी. नाली में कैसे बहाते? प्रसाद है. सोचा, पौधे की सेवा हो जाएगी." त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. "तो अब बताइए, बचा हुआ प्रसाद डालें कहाँ?"

"बचाइए मत, अंकल," यश म्हणाला. "गिलास आधा भरिए. जिसको चाहिए, दोबारा ले लेगा."

त्रिपाठी अंकलनी ड्रममधला मोठा मग काढून बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरातली छोटी वाटी मागवली. "इतने साल से भंडारा कर रहे हैं, किसी ने नहीं बताया," ते म्हणाले.

काकू मात्र पेला हातात तसाच धरून पायरीवर बसल्या. वेलीची वर उचललेली टोकं आता त्यांना दिसली असावीत, कारण त्या नुसत्या तिकडेच बघत होत्या.

"मी ओतणारच होते," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या हाताने. वर तुला म्हटलं, पाणी फार झालं. तू खरं सांगत होतीस आणि मी ऐकून घेतलं नाही. मी फार दमले होते ग, ऋचा. दमलेल्या माणसाला वाटतं, जे गेलं ते गेलं, कुठे शोधत बसा."

ऋचा त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. तीही दमली होती. आता सगळं संपल्यावर तिला ते जाणवत होतं. काकूंनी एक हात तिच्या पाठीवर ठेवला. बाबा जवळ आले आणि प्लास्टिकची गाठ सोडवायला खाली वाकले. सरबताचं ते जड प्लास्टिक त्यांनी आणि अद्वैतने दोन बाजूंनी धरून, एकही थेंब मातीत न सांडता, उचलून नेलं.

शनिवारी ट्रक आला. पलंग गेला, कपाटं गेली, खोकी गेली. मधुमालती अजून अर्धी बोडकीच होती, पण उरलेली पानं ताठ होती आणि खोडावर दोन-तीन नवे कोंब आले होते. फांद्या ग्रिलमधून एकेक करून सोडवायला तिघांची सकाळ गेली. ट्रकवाल्याने कुंडीकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "मैडम, ये सूखा हुआ गमला भी जाएगा?"

"बीमार थी. अब ठीक हो रही है," काकू म्हणाल्या. "सबसे पहले यही जाएगी. केबिन के पीछे, छाँव में."

काका काठीला टेकून उभे होते. ते एरवी फारसं बोलायचे नाहीत. "हवाई दलात इतकी वर्षं काढली," ते ऋचाच्या बाबांना म्हणाले, "विमान बिघडलं की आधी कारण शोधायचं, मग माणसाला धरायचं, हे शिकलो. घरी मात्र उलट केलं. या पोरांनी बरोबर केलं."

बाबांनी मान डोलावली. त्यांनी यशच्या डोक्यावर हात ठेवला आणि ऋचाकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की तिने नजर दुसरीकडे वळवली.

काकू आतून पाण्याचा तांब्या भरून घेऊन आल्या. कुंडीपाशी थांबल्या. बाबा होते, त्रिपाठी अंकल होते, ट्रकवाले होते. इतकी वर्षं ही वेल जिच्या हाताचं पाणी प्यायली होती, त्या बाईने सगळ्यांसमोर ऋचाला विचारलं, "वाटेत दोन दिवस लागतील. हिला किती पाणी घालू ग?"

ऋचाने सांगितलं. फार नको, माती सगळीकडून भिजेल इतकंच, आणि खालून निघायला लागलं की थांबायचं. काकूंनी लक्ष देऊन ऐकलं. मग तांब्या तिच्या हातात दिला.

"तूच घाल," त्या म्हणाल्या. "मी बघते."

ऋचा पाणी घालत होती आणि काकू शेजारी उन्हात उभ्या राहून बघत होत्या.